गिअर ऑइल बदलताना या चुका टाळा : आधी भरायचा बोल्ट, मग सोडायचा

जुन्या गाडीचे इंजिन ऑइल वेळच्या वेळी बदलणारे पुष्कळ लोक भेटतात. पण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधले (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या, वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचातले) तेल शेवटचे कधी बदलले, असे विचारले की बहुतेकांना आठवावे लागते. हे तेल इंजिन ऑइलसारखे काजळीने काळे होत नाही आणि त्याच्यासाठी डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षे तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. बदलण्याचे काम अवघड मुळीच नाही. तरीही त्यात त्याच त्या चुका होताना मी इतक्यांदा पाहिल्या आहेत की आता त्या लिहून काढणे मला गरजेचे वाटते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तेल भरायचा बोल्ट सुटतो की नाही हे न पाहता खालचा ड्रेन प्लग, म्हणजे तेल सोडायचा बोल्ट, उघडणे. माझ्या एका मित्राने त्याच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल असेच एका संध्याकाळी सोडले. तेल निथळून गेल्यावर तो वरच्या बोल्टकडे वळला, तेव्हा त्याच्या चौकोनी खाचेत चिखल आणि गंज घट्ट बसलेला होता. त्याने खाच साफ न करताच किंचित लहान मापाची चावी घातली, तिला लांब पाइप लावला आणि जोर दिला; बोल्ट हलला नाही, खाचेच्या चारही कडा मात्र गोल झाल्या. आता गिअरबॉक्स कोरडा होता, म्हणजे गाडी चालवत वर्कशॉपपर्यंतही नेता येत नव्हती. ओढून न्यायची, तर मागची चाके फिरली की प्रॉपेलर शाफ्टमार्फत (गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल जोडणाऱ्या लांब दांड्यामार्फत) गिअरबॉक्सचा शाफ्टही तेलाविना फिरणार, म्हणून आधी तो शाफ्ट सोडवावा लागला. शेवटी वेल्डरने त्या बोल्टवर एक नट वेल्ड केला. त्या उष्णतेने गंजाची पकड सुटली आणि नटाला पाना लावून बोल्ट एकदाचा बाहेर आला. तासाभराच्या कामाला दोन दिवस लागले, आणि कारण एवढेच की दोन बोल्टांचा क्रम उलटा झाला होता.

माझी पद्धत ठरलेली आहे. आदल्या रात्री दोन्ही बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजलेल्या आट्यांत झिरपणारे पातळ तेल, मारून ठेवतो. सकाळी तारेच्या ब्रशने बोल्टाभोवतीची माती काढतो, खाचेतला मळ टोकदार खिळ्याने तळापर्यंत खरवडतो आणि अचूक मापाची चावी हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवतो. मग झटका न देता सलग जोर लावतो. भरायचा बोल्ट हाताने फिरू लागला की मगच खालच्या बोल्टाला हात लावतो. भरायचा बोल्ट सुटलाच नाही, तर त्या दिवशीचे काम तिथेच थांबवावे. जुने तेल आत असलेली गाडी निदान चालते तरी.

दुसरी चूक तेलाच्या निवडीची. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-४, जीएल-५ असा वर्ग लिहिलेला असतो, आणि या चुकीचे मूळ 'पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा चांगले' या समजुतीत आहे. हे वर्ग एकावर एक चढत जाणाऱ्या पायऱ्या नाहीत, ती दोन वेगवेगळी कामे आहेत. मागच्या डिफरन्शियलमध्ये बहुधा हायपॉइड गिअर असतात. त्यांत पिनियनचा (फिरवणाऱ्या लहान गिअरचा) आस क्राउन व्हीलच्या (तो फिरवतो त्या मोठ्या गिअरच्या) मध्याच्या वर किंवा खाली सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते वळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासतही जातात. त्या घर्षणात धातू धातूला चिकटू नये म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरस असलेली दाबरोधक रसायने जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगची गरज नेमकी उलटी आहे. गिअर पडण्यापूर्वी ती रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासून दोन्ही भागांचा वेग सारखा करते, म्हणजे तिला थोडे घर्षण हवेच असते. तेल फार निसरडे असले की रिंग घसरते, वेग जुळत नाही आणि गिअर टाकताना करकर ऐकू येते. शिवाय गंधकाची काही रसायने गरम अवस्थेत पितळ खातात. अलीकडची जीएल-५ तेले पितळाला कमी बाधतात हे खरे आहे, पण निसरडेपणाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

एका गाडीचा दुसरा गिअर सारखा करकरत होता आणि गिअरबॉक्स उघडावा लागणार अशी मालकाची खात्री झाली होती. ड्रेन प्लग सोडताच गंधकाचा उग्र वास आला. विचारल्यावर कळले की काही महिन्यांपूर्वीच 'भारीतले' तेल म्हणून जीएल-५ भरले होते. पुस्तिकेत सांगितलेले जीएल-४ भरल्यावर काही दिवसांत करकर जवळजवळ थांबली. उलट चूकही तितकीच वाईट आहे : हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घातले, तर दातांवर ओरखडे पडतात, आणि त्यानंतर येणारी घूंऽऽ तेल बदलून जात नाही. काही जुन्या गिअरबॉक्सना तर इंजिन ऑइल किंवा ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल लागते, म्हणून गाडीची पुस्तिका न पाहता डबा उघडणे मला अजिबात मान्य नाही. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक जागेवर घसरत फिरू न देणारे) असेल, तर त्याच्यासाठीचे खास मिश्रण तेलात आहे का हेही पाहावे. नाहीतर वळणावर मागून थरथर येते.

दाटपणाच्या आकड्यांनीही लोक गोंधळतात. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल प्रत्यक्षात १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलच्या आसपासच दाट असते. आवाज दाबण्यासाठी गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचे फार दाट तेल ओतणारे भेटतात. त्याने आवाज खरोखर कमी होतो, पण बेअरिंगची झीज तशीच चालू राहते आणि थंडीत सकाळी गिअर पडता पडत नाही.

पातळी बघताना गाडी आडवी, समतल हवी. फक्त पुढची बाजू उचलून तेल भरले की मोजमाप चुकते. चारही बाजूंना स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरू नये. बहुतेक गाड्यांत तेल भरायच्या छिद्राच्या खालच्या काठाला लागले की पुरे. काठावरून ओघळणारे थेंब थांबल्यावर बोल्ट लावावा. निघालेले तेल मी नेहमी मोजतो, कारण ते पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा बरेच कमी भरले, तर गळती आधीपासून होती हे तिथेच कळते.

तेल थंड असताना सोडू नये. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून आणावी, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर येतो. आत डिझेल घालून धुऊ नये, ते कोपऱ्यांत उरते आणि नवे तेल पातळ करते. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर दरवेळी नवा घालावा. निमुळत्या आट्यांच्या बोल्टाला वॉशर नसतो, आणि तो जोर लावून आवळला तर ॲल्युमिनियमच्या केसिंगला चीर जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनचा ड्रेन प्लग गिअरबॉक्सचा समजून सोडणारेही मी पाहिले आहेत. खात्री झाल्याशिवाय पाना लावू नये.

चुंबक असलेल्या बोल्टावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. ती नेहमीची झीज आहे. तो बोटांत चोळून पाहावा. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा हाताला लागला, तर नवे तेल भरून ते दुखणे जाणार नाही. तेल दुधाळ निघाले, तर आत पाणी शिरले आहे.

ब्रीदरकडे मात्र जवळजवळ कोणीच पाहत नाही. डिफरन्शियलच्या वर असलेली ही छोटी टोपी चिखलाने बंद झाली की गरम हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तेल सीलमधून ढकलले जाते. मग लोक सील बदलतात आणि काही दिवसांनी नवे सीलही गळते. तेल बदलताना ती टोपी काढून फुंकून पाहावी, आणि सगळे झाल्यावर दोन्ही बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून, गाडी थोडी फिरवून आणून रात्रभर खाली पुठ्ठा घालून ठेवावा. सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसला, तर तो नेमका कोणत्या बोल्टाखाली आहे ते पाहून मगच पाना हातात घ्यावा.