रेंज गेली तरी नकाशा चालतो

डोंगरात रेंज गेली की जीपीएसही गेलं, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. चार उपग्रह नीट ऐकू आले की आपण कुठे आहोत हे त्याला कळतं. नेट लागतं ते नकाशा उतरवून घ्यायला, आणि ते काम घरीच उरकायचं.

मी ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप वापरते. ओस्मअँडही चांगलं आहे. दोन्हींचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर बनतात, त्यामुळे पायवाटा बऱ्याच सापडतात. ज्या भागात जायचंय त्याचा पूर्ण नकाशा उतरवा, शेजारच्या खोऱ्याचासुद्धा. चुकलेला माणूस बहुधा तिथेच उतरतो. कुणाकडे त्या वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे आधी चाललेल्या वाटेची नोंद, असेल तर तीही घ्या. मग फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घराभोवती पंधरा मिनिटं चालून या. नकाशा मोठा केल्यावर कोरा दिसला, तर तो उतरलेलाच नाही. ही चाचणी मी एकदाही चुकवत नाही.

पायथ्याशी पोचलात की उघड्यावर उभं राहून ॲप सुरू करा. नेट नसताना उपग्रहांची माहिती थेट त्यांच्याकडूनच घ्यावी लागते, त्याला कधी अर्धं मिनिट, कधी बरीच मिनिटं लागतात. निळा ठिपका स्थिरावला की त्या जागेवर खूण करा आणि ट्रॅक रेकॉर्डिंग चालू करा, म्हणजे चाललेल्या वाटेची रेषा नकाशावर उमटत जाते.

या रेकॉर्डिंगचं मोल मला एका पठारावर कळलं. दुपारी धुकं इतकं दाटलं की पुढचा माणूस दिसेना, आणि आमची वाट केव्हा सुटली ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यांना थांबवलं आणि आमच्याच रेषेवरून उलटं चालत आलो. वीसेक मिनिटांत फाटा सापडला. अंदाजाने पुढे गेलो असतो तर खाली कडा होता.

म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबून फोन बघा, मधे खिशात ठेवा. सतत चालू ठेवल्यास बॅटरी सर्वांत जास्त स्क्रीनच खाते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा फोन अंगाजवळच्या खिशात हवा. भरलेली पॉवर बँक आणि केबल सोबत असूच द्या.

ठिपक्यावर आंधळा विश्वास नको. मोकळ्या आकाशाखाली तो साधारण पाच मीटरने चुकतो, अरुंद घळीत किंवा दाट झाडीत त्याहून खूप जास्त. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटीवाटीने आल्या असतील तर तिथे उभा चढ आहे. नकाशावर जागा बोटभर अंतरावर दिसली तरी सरळ तिकडे निघू नका. कागदी नकाशा आणि होकायंत्र माझ्या सॅकमध्ये असतंच.

मदत मागायची वेळ आली तर अक्षांश-रेखांश दशांशात पाठवा. चार दशांश स्थळांपर्यंत दिलेत तर शोधणारे सुमारे अकरा मीटरच्या आत पोचतात. डेटा चालत नसला तरी साधा एसएमएस कधी कधी जातो, तो आधी करून बघा.