सर्व्हरनेही ओळखपत्र मागायचं असेल तर: एमटीएलएसची जोडणी

नेहमीच्या एचटीटीपीएसमध्ये सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, फक्त सर्व्हर दाखवतो. समोर कोण आहे, हे तो पासवर्डवरून किंवा टोकनवरून ओळखतो. एमटीएलएसमध्ये (म्युच्युअल टीएलएस; टीएलएस म्हणजे एचटीटीपीएसमागचा सुरक्षित जोडणीचा प्रोटोकॉल) मात्र हँडशेक, म्हणजे जोडणीची सुरुवातीची बोलणी, चालू असतानाच तो क्लायंटकडेही सर्टिफिकेट मागतो. दोन सर्व्हिसेस आपापसात बोलत असतील तर ही सोय उत्तम. सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या ब्राउझरसाठी मी ती टाळतो. प्रत्येकाला सर्टिफिकेट बसवून देता देता जीव मेटाकुटीला येतो.

पहिलं काम म्हणजे स्वतःचा सीए (सर्टिफिकेट ऑथॉरिटी), म्हणजे सर्टिफिकेटवर सही करून देणारा. ओपनएसएसएल या कमांड-लाइन साधनाने एक खाजगी की (गुप्त किल्ली) बनवा आणि तिनेच सही करून रूट सर्टिफिकेट तयार करा. ही की सर्व्हरवर ठेवू नका. ज्याच्या हाती ती पडेल, तो हवे तितके क्लायंट तयार करेल.

सर्व्हरचं सर्टिफिकेट सार्वजनिक सीएकडून घेतलंत तरी चालेल. क्लायंट तपासायला मात्र फक्त स्वतःचाच सीए लावा. तिथे सार्वजनिक सीएंची तयार यादी टाकलीत, तर त्यांच्यापैकी कुणीही दिलेलं क्लायंट सर्टिफिकेट घेऊन भलताच माणूस आत शिरेल.

क्लायंटची की क्लायंटच्याच मशीनवर तयार करा आणि सीएकडे फक्त सीएसआर, म्हणजे सहीसाठीचा अर्ज, पाठवा. सही करताना एक्सटेंडेड की युसेजमध्ये (सर्टिफिकेट कशासाठी वापरायचं ते सांगणारी नोंद) 'क्लायंट ऑथ' घाला. सर्व्हरसाठी 'सर्व्हर ऑथ', शिवाय होस्टनेम सॅनमध्ये (सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम, म्हणजे सर्टिफिकेटमधली नावांची यादी). नुसत्या कॉमन नेमवर (सर्टिफिकेटमधला नावाचा जुना रकाना) आजचे ब्राउझर समाधान मानत नाहीत. हे दोन युसेज उलटसुलट झाल्यामुळे माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली आहे. साखळी बरोबर, तारखा बरोबर, तरी जोडणी नाही!

आता एनजिनेक्स, म्हणजे समोर उभा राहून विनंत्या घेणारा वेब सर्व्हर. 'एसएसएल अंडरस्कोर क्लायंट अंडरस्कोर सर्टिफिकेट' या ओळीत आपल्या सीएच्या फाइलचा पत्ता द्या आणि 'एसएसएल अंडरस्कोर व्हेरिफाय अंडरस्कोर क्लायंट' ऑन करा. कॉन्फिग तपासून रीलोड करा.

चाचणी तीनदा घ्या. कर्लने (कमांड-लाइनवरून वेब विनंत्या पाठवणारं साधन) सर्टिफिकेट न देता विनंती पाठवा. 400, म्हणजे नकाराचा एरर कोड, यायला हवा. मग सर्टिफिकेट आणि की देऊन पाठवा. उत्तर मिळायला हवं. तिसरी चाचणी बहुतेक जण गाळतात: दुसराच एखादा सीए बनवून त्याचं सर्टिफिकेट द्या. ते स्वीकारलं गेलं, तर तुमचं कुलूप नुसतं शोभेचं आहे.

अडलंच तर ओपनएसएसएलचा 'एस-क्लायंट' हा जोडणी तपासणारा कमांड चालवा. सर्व्हर कोणत्या सीएंची सर्टिफिकेट्स मागतोय, ती नावं त्यात दिसतात. टीएलएस 1.3 मध्ये एक गंमत आहे: क्लायंटच्या बाजूने हँडशेक आधीच पूर्ण होतो, त्यामुळे सर्व्हरचा नकार पुढे डेटा वाचताना कळतो. 'कनेक्ट तर झालं होतं' यावर विसंबू नका.

सर्टिफिकेटवरून कळतं ते एवढंच, की समोर कोण आहे. त्याला काय करू द्यायचं, हे ॲप्लिकेशनने ठरवायचं. एनजिनेक्स सर्टिफिकेटवरचं नाव हेडरमधून (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) मागच्या ॲप्लिकेशन सर्व्हरला पाठवत असेल, तर बाहेरून आलेला त्याच नावाचा हेडर पुसून टाका आणि त्या मागच्या सर्व्हरकडे बाहेरून थेट वाट ठेवू नका.

एखादी की चोरीला गेली तर ते सर्टिफिकेट सीआरएलमध्ये, म्हणजे रद्द सर्टिफिकेट्सच्या यादीत, टाकून ती फाइल एनजिनेक्सला द्या. पण सीआरएललाही मुदत असते. ती वेळेवर नवी केली नाहीत, तर चोराबरोबर सगळेच क्लायंट दाराबाहेर उभे राहतील. म्हणून मी सर्टिफिकेटच कमी दिवसांचं देतो आणि नूतनीकरण स्क्रिप्टवर सोपवतो.