न्यूयॉर्कमधे भाड्याच्या घरात हीटिंग नसेल तर काय करायचं
थंडीत घर गरम ठेवणं हे न्यूयॉर्क शहरात घरमालकाचं काम आहे, उपकार नाही. १ ऑक्टोबर ते ३१ मे, सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत निदान ६८ हवं, आणि रात्री बाहेर काहीही असो, ६२. साधा थर्मामीटर आणा, तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, मालकाला मेसेज लेखीच करा (फोनवर "बघतो बघतो" फार ऐकायला मिळतं), तरी हलला नाही तर सरळ ३११ ला (शहराची तक्रार हेल्पलाइन) तक्रार.

तोवर हीटर लावणारच असाल तर थेट भिंतीतल्या सॉकेटमधेच लावा, एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नाही कारण १५०० वॅटचा लोड तासन्तास चालला की वायर तापते, पडदे गादी ३ फूट लांब, आणि झोपताना बंद म्हणजे बंद.

अजून एक, घराचं मुख्य दार सोडलं की आपोआप बंद होतंय ना बघा. २०२२ मधे न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स भागात एका बिल्डिंगमधे हीटरने आग लागली, दारं उघडी राहिल्याने धूर अख्ख्या बिल्डिंगभर पसरला आणि १७ जण गेले. दार दुरुस्त करणंही मालकाकडेच.