डिव्हाइसला अर्धीच रॅम दिसते? लिनक्स कर्नलमध्ये डीएमएची लिमिट कशी सांभाळायची

ड्रायव्हर २ जीबीच्या मशीनवर मस्त चालतो आणि तोच १६ जीबीच्या मशीनवर लोड आला की कचरा डेटा देतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतंच काहीतरी क्रॅश होतं, फाइलसिस्टीम वगैरे, ज्याचा तुमच्या कार्डाशी काडीचा संबंध नाही. असं झालं तर लॉजिक तपासत बसण्याआधी डीएमएचा पत्ता बघा. डीएमए म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता डिव्हाइसने थेट रॅममध्ये लिहायचं-वाचायचं, पण त्याच्याकडे पत्त्यासाठी जेवढे बिट तेवढाच त्याचा हात पोचतो. जुन्या आयएसए डीएमएला २४ बिट, म्हणजे १६ एमबीला गाडी थांबली. ३२ बिटवाल्याला ४ जीबी. अशा डिव्हाइसला ५ जीबीच्या पुढचा पत्ता दिला तर वरचे बिट गळून जातात आणि ते निवांतपणे दुसऱ्याच कुणाच्या तरी मेमरीच्या पानावर लिहून मोकळं होतं. एरर वगैरे काही येत नाही.

तर पहिलं काम, खरी हद्द शोधा. डेटाशीट उघडा आणि डिस्क्रिप्टरमध्ये (बफरचा पत्ता डिव्हाइसला सांगणारी छोटी नोंद) पत्त्याचं फील्ड किती बिटांचं आहे ते बघा, मार्केटिंगच्या पानावर '६४ बिट' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. आणि डिव्हाइस ठीक असलं तरी मधला रस्ता अरुंद असू शकतो, हे बरेच जण विसरतात. रास्पबेरी पाय ४ या छोट्या कंप्युटर बोर्डाचं उदाहरण घ्या. त्याच्या चिपमधल्या बऱ्याच पेरिफेरल्सना रॅमचा पहिला १ जीबीच दिसतो, आणि चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत पीसीआय एक्सप्रेसला पहिले ३ जीबीच. २०१९ मध्ये हा बोर्ड ४ जीबी रॅमसह आला आणि मग एआरएम ६४ च्या मेनलाइन कर्नलमध्ये, ५.५ पासून, खास १ जीबीचा वेगळा डीएमए झोन, म्हणजे अशा डिव्हाइससाठी राखलेला रॅमचा भाग, करावा लागला.

गंमत पुढे आहे. त्या पेरिफेरल्सना रॅमची सुरुवात शून्यावर दिसत नाही, ३ जीबीच्या पत्त्यावर दिसते. म्हणजे 'दिसतो १ जीबी, तर मास्क (डिव्हाइस किती बिटांचा पत्ता देऊ शकतं ते कर्नलला सांगणारा आकडा) ३० बिटांचा' असा हिशोब केलात की फसलात, कारण मास्क बसवरच्या, म्हणजे डिव्हाइसला दिसणाऱ्या पत्त्याला लागतो, फिजिकल पत्त्याला नाही. तिथे मास्क ३२ बिटांचाच, आणि रस्त्याची अडचण डिव्हाइस ट्रीमधल्या (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) डीएमए-रेंजेसमध्ये लिहायची, दोन्हींचा मेळ कर्नल घालतो. थोडक्यात ड्रायव्हरने फक्त डिव्हाइसबद्दल बोलावं.

दुसरं, हे कर्नलला सांगा. प्रोबमध्येच (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हरचं पहिलं चालणारं फंक्शन), काहीही मॅप करायच्या, म्हणजे बफरसाठी डिव्हाइसला चालणारा पत्ता मिळवायच्या आधी, डीएमए_सेट_मास्क_अँड_कोहेरंट बोलवायचं आणि रिटर्न व्हॅल्यू बघायची. न सांगितलं तर कर्नल ३२ बिट धरून चालतो. जुन्या ड्रायव्हरमध्ये '६४ जमलं नाही तर ३२ ट्राय करा' असा कोड सगळीकडे कॉपी झालेला दिसेल, आताच्या कर्नलमध्ये त्याला अर्थ नाही, काढून टाका.

तिसरं, मेमरी कुठून घेताय. डिस्क्रिप्टर रिंगसारख्या कायम राहणाऱ्या गोष्टींसाठी डीएमए_अलॉक_कोहेरंट, येणाऱ्या-जाणाऱ्या डेटासाठी साधं केमॅलॉक घेऊन नंतर मॅप करायचं. स्टॅकवरचा बफर किंवा व्हीमॅलॉकची (फिजिकली सलग असेलच असं नाही अशी) मेमरी डीएमए_मॅप_सिंगलला देऊ नका. आणि फिजिकल पत्ता स्वतः काढून रजिस्टरमध्ये टाकणं तर सोडाच, ते एका मशीनवर चालतं आणि आयओएमएमयू (डिव्हाइसने दिलेले पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असलेल्या दुसऱ्यावर नाही.

चौथं म्हणजे मॅपिंग, आणि खरी मारामारी इथेच होते. बफर डिव्हाइसच्या हद्दीबाहेर असेल आणि आयओएमएमयू नसेल तर कर्नल बाउन्स बफर वापरतो, त्याला स्विओटीएलबी म्हणतात. मोठा ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून माल नाक्यावर उतरवून टेम्पोत भरतात ना, तसंच, म्हणजे प्रत्येक वेळी एक जादा कॉपी. म्हणून डिव्हाइसने लिहून झाल्यावर तुमच्या बफरमध्ये डेटा आपोआप येत नाही, अनमॅप किंवा सीपीयूसाठीचा सिंक केल्यावरच येतो. आधी वाचलंत तर जुनाच मजकूर दिसेल आणि तुम्ही हार्डवेअरला शिव्या घालत बसाल.

बाउन्स बफरसाठी राखलेला हा मेमरीचा साठा, म्हणजे पूल, डीफॉल्टला ६४ एमबीचा असतो, २ केबीच्या ३२७६८ स्लॉटमध्ये विभागलेला, आणि एका मॅपिंगला सलग जास्तीत जास्त १२८ स्लॉट म्हणजे २५६ केबी. भरला की डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, 'स्विओटीएलबी बफर इज फुल' येतं आणि मॅपिंग फेल होतं. म्हणून प्रत्येक मॅपनंतर डीएमए_मॅपिंग_एरर तपासायचंच, कंटाळा करू नका. पूल बूट पॅरामीटरने वाढवता येतो, स्विओटीएलबी इक्वल टू ६५५३६ दिलं की १२८ एमबी, पण त्याआधी कुठे अनमॅप करायचं राहिलंय का ते शोधा, माझ्या मते पूल वाढवणं हा शेवटचा उपाय. आयओएमएमयू असेल तर तो डिव्हाइसला त्याच्या हद्दीतलाच पत्ता देतो आणि आतल्या आत खऱ्या पानाकडे वळवतो, सहसा कॉपी लागत नाही.

राहिली टेस्ट. मोठ्या रॅमचं मशीन नसेल तरी अडत नाही, स्विओटीएलबी इक्वल टू फोर्स देऊन बूट करा म्हणजे सगळं ट्रॅफिक बाउन्समधून जाईल आणि राहिलेला सिंक लगेच उघडा पडेल. सोबत कर्नल कॉन्फिगमध्ये डीएमए एपीआय डीबग चालू करा, चुकीच्या साइजने केलेलं अनमॅप, न तपासलेला एरर, असल्या गोष्टींवर तो थेट वॉर्निंग टाकतो. स्पीड मोजताना मात्र हे दोन्ही बंद करा, नाहीतर आकडे बघून उगाच घाबराल.