जर्मनीत नवं घर: हाताच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

जर्मनीत राहायला येणारा प्रत्येक जण भाषेची धास्ती घेऊन येतो. पण भाषेत चुकलात तर समोरचा हसून सांभाळून घेतो. अंगाशी येतात त्या हाताच्या सवयी: बाहेर पडताना दार ओढून घेणं, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतणं, थंडी वाजली की खिडक्या घट्ट लावून बसणं. इथलं घर त्या सवयी धरून बांधलेलंच नसतं.

दार ओढून घेणं

बहुतेक फ्लॅटच्या दाराला बाहेरून दाबायची कडी नसते, नुसता न फिरणारा गोळा असतो. दार मागे टेकलं की संपलं. कुलूप लावलेलं नसलं तरी ते किल्लीशिवाय उघडत नाही. पहिल्याच महिन्यात मी कचरा टाकायला खाली गेले आणि वर आले तेव्हा किल्ली आत, फोडणीचं वरण आत, मी जिन्यात. कुकरची तिसरी शिट्टी दाराबाहेर उभी राहून ऐकली. शेजारणीच्या फोनवर पहिला सापडला त्या कुलूपवाल्याला बोलावलं आणि त्याने चांगलंच कापलं.

तुमच्यावर वेळ आली तर फोनवरच सांगा की दार नुसतं ओढलं गेलंय, कुलूप लावलेलं नाही, आणि येण्याजाण्यासकट एकूण किती घेणार ते विचारून घ्या. असं दार सहसा कुलूप न फोडता उघडतं. त्याने आल्याआल्या ड्रिल काढलं तर आधी कारण विचारा. दुसरी किल्ली जवळच्या मित्राकडे ठेवा. किल्ली आतून कुलपात अडकवून ठेवायची सवयही सोडा, कारण कित्येक कुलपांत मग बाहेरची किल्ली चालत नाही.

बाथरूमला मोरी समजणं

बहुतेक बाथरूममध्ये जमिनीला पाणी जायची जाळीच नसते. फरशीवर पाणी ओतून खराट्याने घासलंत तर ते वाट शोधत खालच्या शेजाऱ्याच्या छतात उतरतं. बादली-तांब्या हवाच असेल तर टबात किंवा शॉवरच्या चौकोनात बसून अंघोळ करा. पाणी गेलंच तर आधी ते टिपा, फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला कळवा. हाफ्टफ्लिश्ट, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, अशाच वेळी कामाला येतो, म्हणून तो आल्याआल्या काढून ठेवा.

खिडक्या बंद, भिंत काळी

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती बुरशीवरून. इथल्या खिडक्या दुहेरी काचेच्या आणि हवाबंद असतात. आपला स्वयंपाक वाफेचा, कपडे घरातच दोरीवर, अंघोळ गरम पाण्याची. ही सगळी वाफ घरातच कोंडते. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाण्याचे थेंब ओळीने बसलेले दिसले की समजावं. पुढची पायरी म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागचे काळे ठिपके.

यावर आपण काय करतो? खिडकी वरून तिरकी उघडून दिवसभर तशीच ठेवतो. त्याने ओल फारशी जात नाही. उलट खिडकीभोवतीची भिंत गार पडते, बुरशी तिथेच धरते आणि हीटिंगचं बिल वाढतं ते वेगळंच. इथली रीत अशी: हीटरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या, पाचदहा मिनिटांत लावून घ्यायच्या. दिवसातून दोनतीनदा. उणे तापमानातसुद्धा. भिंती गरमच राहतात, फक्त हवा बदलते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र घ्या. 40 ते 60 टक्क्यांत काटा राहिला की निवांत.

हीटरच्या व्हॉल्व्हवरचे आकडे म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे. 3 म्हणजे खोली साधारण 20 अंशांवर ठेव. 5 वर फिरवलं म्हणून ती लवकर तापत नाही, फक्त जास्त तापत राहते.

चुलीवरच्या चिमणीवरही फार भरवसा ठेवू नका. पुष्कळ घरांत ती हवा बाहेर न टाकता गाळून परत घरातच सोडते, म्हणजे वास कमी होतो, वाफ तिथेच. आणि मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, कारण पॅसेजच्या छताला धुराचा अलार्म असतो. तो वाजल्यावर खुर्चीवर चढून टॉवेल हलवणारा मराठी माणूस मी तरी बऱ्याच घरांत पाहिला आहे.

बुरशी आलीच असेल तर वरून रंग फासू नका. फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा.

पेटीवर नाव नसणं

पोस्टमन इथे फ्लॅट नंबर शोधत नाही, आडनाव वाचतो. पत्रपेटीवर आणि बेलवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र सरळ परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, 11 आकडी कर क्रमांक, सगळं पोस्टानेच येतं. ‘अजून काहीच कसं आलं नाही’ असं वाटत असेल तर आधी खाली जाऊन पेटी बघा. पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घ्या.

नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. टीव्ही नाही म्हणून ते फेकू नका, ती वर्गणी घरामागे आहे. 2021 पासून महिना 18.36 युरो. एका घरात एकानेच भरायची; रूममेट भरत असेल तर त्याचा वर्गणी-क्रमांक कळवला की झालं.

रविवार आणि बाटल्या

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध-भाजी शनिवारीच आणा. भिंतीत खिळा ठोकायचं कामही शनिवारीच उरका. काचेच्या रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी टाक्यांत टाकायच्या, पण त्याही रविवारी नाही, खळखळाट होतो. फुटलेला पाण्याचा ग्लास मात्र या टाक्यांत चालत नाही, तो साध्या कचऱ्यात.

पाण्याची प्लास्टिकची बाटली मात्र कुठल्याच कचऱ्यात टाकू नका. एकदाच वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या मशीनमध्ये सरकवली की ती परत मिळते. आपल्याकडे बाटलीवर वापरून झाल्यावर चेपून टाका असं छापलेलं असतं आणि हात आपोआप ती चेपतो. मग मशीनला बारकोड वाचता येत नाही आणि बाटली परत बाहेर येते. अशा वेळी झाकण काढून तोंडाने जोरात फुंकर मारा, बाटली फुगून सरळ होते. मागच्या रांगेतल्यांनीही हे कधी ना कधी केलेलं असतं.