घरच्या बीटवर आवाज चढवताना

बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्येच करतो. पण त्यात रॅप रेकॉर्ड करायला घेतलं की हेडफोनमध्ये आवाज मागाहून यायचा आणि ताल सुटायचा. शेवटी आवाजापुरतं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा.

बीट २४-बिट वेव्ह फाइल करून पहिल्या ट्रॅकवर टाकला, प्रोजेक्टचा बीपीएम (मिनिटाला ठोके) त्याच्याएवढाच ठेवला. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) स्वतःचा असिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी उशिरात पोचवणारा, निवडून बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर आणला. ४८ किलोहर्ट्झला हे जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतात. उशीर जाणवेनासा झाला! आणि टेक घेणं तर फारच सुखाचं: ओळ लूपवर लावून म्हणत राहायचं, सगळे टेक एकाखाली एक साठतात, ज्यात दम तुटलेला नाही तो तुकडा उचलायचा. मिक्सिंगच्या वेळी मात्र बफर १०२४ करतो, नाहीतर प्लगइन (आवाजावर लावायचे इफेक्ट) वाढले की आवाज तडतडतो.