रजा मंजूर होईपर्यंत तिकीट काढू नये

परदेशातील नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नियुक्तिपत्रातील रजेचे कलम नीट वाचावे, कारण त्यातला दिवसांचा आकडा दिसतो तितका सरळ नसतो. जर्मनीतील कायदा वर्षाला किमान २४ दिवसांची रजा देतो. परंतु तो हिशेब सहा दिवसांच्या आठवड्याचा असल्यामुळे पाच दिवस काम करणाऱ्याच्या वाट्याला २० दिवसच येतात. ब्रिटनमध्ये पाच दिवसांच्या आठवड्यासाठी किमान २८ दिवस मिळतात, मात्र सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरण्याची मुभा मालकाला आहे. अमेरिकेत खासगी मालकावर पगारी वार्षिक रजेची सक्ती करणारा संघीय कायदाच नाही, त्यामुळे तेथे सारी भिस्त करारावर आणि त्या त्या राज्याच्या नियमांवर असते.

रजा शिल्लक असणे आणि ती मंजूर होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पहिल्याच वर्षी पदरच्या पैशांनी शिकावे लागले. वरिष्ठांनी तोंडी होकार दिला म्हणून मी तिकीट काढले. पुढे ते वरिष्ठ बदलले आणि नव्या वरिष्ठांकडे माझ्या रजेची कसलीही नोंद नसल्याने प्रवासाच्या तारखा बदलण्याचा भुर्दंड मलाच सोसावा लागला. तेव्हापासून, समोरची व्यक्ती कितीही भली असली तरी, मी तारखांसह लेखी मंजुरी घेतल्याखेरीज पैसे भरत नाही. ब्रिटनमध्ये करारात वेगळे काही नसेल तर रजेच्या दुप्पट मुदतीची पूर्वसूचना लागते, म्हणजे दोन आठवड्यांच्या रजेसाठी चार आठवडे आधी. प्रत्यक्षात गर्दीच्या हंगामातल्या तारखा सहकाऱ्यांनी त्याच्याही कितीतरी आधी अडवलेल्या असतात.

नव्या माणसाची खरी अडचण पहिल्या काही महिन्यांत होते, कारण अनेक ठिकाणी रजा महिन्यागणिक साठत जाते आणि जर्मनीत पूर्ण हक्क सहा महिन्यांनंतरच मिळतो. म्हणून घरचे एखादे कार्य आधीच ठरलेले असेल तर करारावर सही करण्यापूर्वीच ते सांगून त्या तारखा लेखी मान्य करून घ्याव्यात. त्या वेळी मागण्यात संकोच वाटतो खरा, पण रुजू झाल्यावर मागणे त्याहून अवघड जाते.

मालकाने रजा दिली म्हणजे नोकरीच्या देशात परत येण्याचा परवाना मिळाला, असे मात्र नव्हे. व्हिसा आणि पासपोर्ट यांची मुदत परतीच्या तारखेपलीकडे आहे ना, हे स्वतः तपासावे, आणि बिनपगारी रजा लांबणार असेल तर ती वास्तव्याच्या परवान्याच्या अटींत बसते का, याची लेखी विचारणा अर्ज करण्याआधीच करावी.